पोटातले पाणी

आमच्या उर्दू शाळेत क्रीडाशिक्षकाचे पद नाही. म्हणून इतिहास-भूगोल शिकवणारे आम्हीच गळ्यात शिट्टी अडकवून मुलांना तालुक्याच्या स्पर्धांना घेऊन जातो. त्याला दहा वर्षे होऊन गेली. इतक्या वर्षांत मैदान बदलले, मुले बदलली, एक वाक्य मात्र बदलले नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतीत आमचा मुलगा पुढे आला की शेजारच्या शाळेचे कोणी तरी सर अगदी मोकळ्या मनाने आमच्या पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, “तुमचं बरं आहे बुवा! मटणावर वाढलेली पोरं. आमची वरणभातवाली काय टिकणार?” आणि आमचा मुलगा मागे पडला तर तेच सर समजूत घालतात, “मटणानं अंग जड होतं हो. पळायला पोट हलकं लागतं.” पहिल्या नंबराला मटण कारण आणि शेवटच्या नंबरालाही मटणच कारण. आम्ही हसतो. त्यांच्या मनात वाईट काही नसते, हे आम्हाला ठाऊक आहे.

एकदा असेच हसून परत आलो आणि दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गाला विचारले, सकाळी काय खाऊन आलात? चहा-बटर. चहा-खारी. चहा आणि रात्रीची चपाती. एकजण बराच वेळ छताकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “सर, चाय.” त्या वर्गातला सर्वांत चांगला धावणारा तोच. कोणाचे वडील फळांची गाडी लावतात, कोणाचे गॅरेजात कामाला आहेत, आया शिलाई करतात. मटण असलेच तर जुम्म्याला, आणि तेही महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. 2015 च्या कायद्यानंतर आमच्या गावातले बड्याचे दुकान बंद झाले, तेव्हापासून कित्येक घरांत जुम्म्यालाही डाळ-चावलच शिजतो. हे त्या सरांना सांगावे असे दरवेळी वाटते. पण सांगितले तर आपल्या गरिबीचे प्रदर्शन होते आणि न सांगितले तर मटणाची कीर्ती वाढते.

मटणावरचा हा विश्वास आजचा नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये ड्रोमियस नावाचा लांब पल्ल्याचा धावपटू होऊन गेला. ऑलिंपियात तो दोनदा जिंकला. त्याच्यापर्यंत पैलवान काय आणि धावपटू काय, ताजे चीज खाऊन सराव करत. मांस खाण्याची टूम याने काढली, असे पौसानियस या ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवले आहे. तो जिंकला म्हणून मांस श्रेष्ठ ठरले. हरला असता तर चीजच चालू राहिले असते. 1904 साली सेंट लुईसच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये थॉमस हिक्स या धावपटूला त्याच्या माणसांनी वाटेत अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि चक्क स्ट्रिक्निन पाजले. स्ट्रिक्निन म्हणजे कुचल्याचे विष. त्याने पाणी मागितले तर स्पंजने तोंड ओले करून दिले. गडी भ्रमिष्टासारखा पाय ओढत शेवटपर्यंत पोचला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. विषानेच तो जिंकला असे मानणारेही त्या काळी असतील.

तेव्हा आमच्या अम्मीला का हसावे? आम्ही शाळेत धावायला लागलो तेव्हा तिने ठरवून टाकले की धावणाऱ्याला पाया हवा. बकऱ्याचे पाय रात्रभर मंद आचेवर ठेवायचे आणि सकाळी तो चिकट रस्सा वाटीत ओतून समोर उभे राहायचे. “पी जा बेटा, पाँवां में जान आती.” पायाने पायाला बळ, हे तिचे शास्त्र. महिन्यातून एकदाच परवडायचे. त्या दिवशी आम्ही खरोखर जोरात पळायचो. रस्सा अजून आतड्यातच असायचा, पण पाय मात्र मैदानावर पोचण्याआधीच तयार.

शिक्षक झाल्यावर आमचे शास्त्र बदलले, अंधश्रद्धा तेवढीच राहिली. बी.एड. करून आलेला माणूस पाया कसा सांगणार? आम्ही ग्लुकोज सांगू लागलो. 2016 च्या तालुका स्पर्धेत तीन हजार मीटरच्या आधी आमच्या मुलाला पेलाभर पाण्यात चार मोठे चमचे ग्लुकोज पावडर घोळून पाजली. दोन चमच्यांनी येते त्याच्या दुप्पट ताकद येईल, असा आमचा हिशेब. तिसऱ्या फेरीत तो चुन्याच्या रेषेबाहेर गेला आणि गुडघ्यावर हात टेकून ओकला. नंतर वाचले की इतके दाट साखरपाणी पोटातून लवकर पुढे सरकत नाही, उलट आतड्यात अंगातले पाणी ओढून घेते. आणि तीन हजार मीटर म्हणजे दहा-अकरा मिनिटांचा मामला. तेवढ्या पळण्याला लागणारी साखर स्नायूंत आणि यकृतात आधीपासूनच साठलेली असते. तो साठा संपायला दीड-दोन तास जोरात पळावे लागते. मॅरेथॉनवाले तीस-बत्तीस किलोमीटरला भिंतीवर आपटल्यासारखे थांबतात ते त्यामुळे. आमच्या मुलाला त्या पेल्याची गरज नव्हती. गरज आम्हाला होती, काही तरी केल्याचे समाधान म्हणून. तो मुलगा आता पुण्यात वायरमन आहे. भेटला की “सर, ग्लुकोज?” एवढेच विचारतो.

त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते वाचायची आम्हाला सवय लागली. केनियाचे धावपटू जग जिंकतात, तर ते काय खातात, हे काही अभ्यासकांनी दहा नामांकित धावपटूंची ताटे आठवडाभर मोजून पाहिले आणि 2004 साली छापले. मक्याचा उगाली, भात, बटाटे, पाव, कोबी, राजमा आणि भरपूर साखरेचा दुधाचा चहा. अंगाला मिळणाऱ्या ऊर्जेतला तीन चतुर्थांश भाग पिठूळ आणि गोड पदार्थांतून. मांस आठवड्यातून चारेकदा, तेही थोडेसे. हे वाचून आम्हाला आमचा नववीचा वर्ग आठवला. फरक एवढाच की त्यांना ते पोटभर मिळते.

पण ज्या अभ्यासाने आमची झोप उडवली तो वेगळाच होता. 2000 साली तो प्रसिद्ध झाला. त्रेचाळीस सायकलपटूंना चाळीस किलोमीटरची दौड दोनदा करायला लावली. पहिल्यांदा सर्वांना साधे पाणी. दुसऱ्यांदा काहींना सांगितले, तुमच्या बाटलीत साखर आहे. काहींना सांगितले, नुसती गोड चव आहे, ताकदीचे काही नाही. ज्यांना साखर आहे असे सांगितले त्यांची ताकद चार टक्क्यांहून थोडी जास्तच वाढली. ज्यांना काही नाही असे सांगितले त्यांची अर्धा टक्का. बाटलीत प्रत्यक्षात काय होते याने फारसा फरक पडला नाही.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले, कारण आम्हाला एक जुनी बाटली आठवली. ती गोष्ट आम्ही आजवर दोनच माणसांना सांगितली आहे.

2007 साली आम्ही दहावीत होतो. तीन हजार मीटरला तालुक्यात पहिले आलो. जिल्ह्याची स्पर्धा ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोलापुरात होती आणि रमजानचे विसाव्याच्या आसपासचे रोजे चालू होते. आमचा तालुका जिल्ह्याच्या एका टोकाला, सोलापूर तिथून सव्वाशे किलोमीटर. पहाटे चारला सहरी केली. अम्मीने पाया शिजवला होता, महिनाअखेरचे पैसे मोडून. फजरच्या आधीच जीप गावाबाहेर पडली. जीपमध्ये आम्हा चार मुलांपैकी तिघांना रोजा होता. आम्ही त्यात होतो. “रोजेदाराला अल्लाह पळवतो,” असे मोहल्ल्यात सगळ्यांनी सांगितले होते आणि आमचाही त्यावर पक्का विश्वास होता.

शर्यत दहाला होती. ती बाराला म्हणाले, मग दोनला म्हणाले, आणि लागली सव्वातीनला. ऑक्टोबरचे सोलापूरचे ऊन ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. सावली म्हणून एक कडुलिंब होता, त्याखाली सगळा जिल्हा. दुपारी दोनच्या सुमारास जीभ टाळूला चिकटली. शेजारी दुसऱ्या तालुक्याचा एक मुलगा बसला होता. त्याच्याजवळ नारंगी सरबताची बाटली होती. त्याने दोन घोट घेतले, तोंड पुसले आणि सहज बाटली पुढे केली. “घे की.” त्याला आमचे नाव माहीत नव्हते, रोजा माहीत नव्हता. आम्ही इकडे तिकडे पाहिले. सर कागद भरण्यात गुंतले होते. बाटली घेऊन मंडपामागे गेलो आणि निम्मी संपवली. ती थंड होती, गोड होती. इतके चांगले काही आम्ही आयुष्यात प्यायलो नव्हतो. खोटे कशाला बोला?

शर्यतीच्या साडेसात फेऱ्यांपैकी चार आम्ही पहिल्या तिघांत होतो. मग पोटातले पाणी हलायला लागले. सव्वा तासापूर्वी प्यालेले निम्म्या बाटलीचे सरबत पोटात इतका आवाज करत नाही हे आज आम्ही सांगू शकतो. पण त्या दिवशी प्रत्येक पावलाला ते डुचमळते आहे असे वाटत होते, आणि मंडपाजवळून जाताना सगळ्या मैदानाला तो आवाज ऐकू जातो आहे असेही. पाय जड झाले. रोजेदाराला अल्लाह पळवतो, मग रोजा मोडणाऱ्याला? सहाव्या फेरीत एक पुढे गेला, सातव्यात दुसरा. आम्ही चौथे आलो. विभागाला जाणाऱ्यांत आमचे नाव नव्हते. पहिला आला तो बाटलीवाला मुलगा.

इथपर्यंत ती सोळा वर्षांच्या पोराची चूक होती. पुढचे मात्र आम्ही शुद्धीवर असताना केले. सरांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतर शाळांच्या सरांना मोठ्याने सांगितले, “रोजा ठेवून चौथा आलाय. रोजा नसता तर पहिलाच होता.” आम्ही मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली. परतताना मगरिबला जीप रस्त्याकडेला थांबली. सरांनी खजुराची पुडी सोडली आणि पहिला खजूर आमच्या हातावर ठेवला, धावणाऱ्याचा मान म्हणून. तो आम्ही खाल्ला. दुसऱ्या दिवशी तरावीहनंतर मशिदीत आमचे नाव पुकारले गेले आणि जमातीने एकशे एक रुपयांचे पाकीट दिले. अम्मी रडली. तेव्हापासून आजतागायत पाहुणे आले की ती सांगते, “रोजा रखके चौथा आया था मेरा बच्चा.”

आमच्या हरण्याला सर्वांनी रोजा हे कारण दिले आणि आम्ही ते देऊ दिले. पुढे पी. टी. उषांची मुलाखत वाचली. 1984 च्या लॉस एंजेलिसमध्ये एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने त्यांचे कांस्यपदक हुकले. तिथे तांदळाची पेज आणि लोणचे यावर दिवस काढावे लागले, शेवटच्या काही मीटरना ताकद उरली नाही, असे त्या सांगतात. त्यांचे म्हणणे खरेच असणार. त्यांच्या ताटात पेज होती. आम्ही ज्या उपाशी पोटाचे नाव सांगत होतो ते उपाशी नव्हते.

2010 साली, बी.ए.ला बाहेरगावी जाण्याच्या आदल्या रात्री, आम्ही हाफिजसाहेबांना गाठले आणि सगळे सांगितले. आमच्या मनात साठ रोज्यांच्या कफ्फाऱ्याची धास्ती होती. त्यांनी जीप किती वाजता निघाली, सोलापूर किती लांब, एवढेच विचारले. मग म्हणाले, कफ्फारा नाही, एक कजा ठेव. फजरच्या आधी गाव सोडून सव्वाशे किलोमीटर गेलेल्याला रोजा न ठेवण्याची सवलतच होती. थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, “पानी पिया, ठीक. मुसाफिर था तू. फिर बोला क्यों नहीं?” याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. एकशे एक रुपये मशिदीच्या पेटीत टाकले, कजा ठेवली. अम्मीला सांगायचे राहिले.

आता ज्या दुसऱ्या व्यक्तीला सांगितले तिच्याबद्दल. 2025 च्या महिला दिनानिमित्त आमच्या गावात मुली-बायकांसाठी पाच किलोमीटरची दौड ठेवली होती, 9 मार्चला, रविवारी सकाळी साडेसहाला. रमजान नुकताच लागला होता. नववीतली एक मुलगी, वडिलांचे सायकलदुरुस्तीचे दुकान, हिने नाव दिले आणि घरी वाद झाला. तिची आजी म्हणाली, रोज्यात पळेल तर मरेल. वडील दुकान बंद करून आमच्याकडे आले. “सर, तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणाल तसं.”

शिकलेल्या माणसाला हे वाक्य फार भीतीदायक असते. आम्ही दोन्ही बाजूंची उदाहरणे सांगितली. 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी रमजान होता, मो फराहने रोजे पुढे ढकलले आणि पाच हजार व दहा हजार मीटरची दोन सुवर्णपदके जिंकली. 2023 साली नेदरलँड्सच्या सिफान हसनने रमजानभर रोजे ठेवून सराव केला आणि ईदनंतर लगेच 23 एप्रिलला लंडन मॅरेथॉन जिंकली, तीही आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन. वाटेत दोनदा थांबून तिने दुखणारे अंग ताणले, आणि पाण्याची बाटली घ्यायला रस्ता ओलांडताना मोटारसायकलखाली येता येता वाचली. म्हणजे उदाहरणांवरून काही ठरत नाही. शरीराचा हिशेब मात्र मांडता येतो. सहरी साडेपाचच्या आत, दौड साडेसहाला, संपायला अर्धा तास. धावताना तिच्या पोटात अन्न आणि अंगात पाणी असेल. अडचण आहे ती नंतरची. घाम गेलेल्या अंगाने संध्याकाळी पावणेसातपर्यंत मार्चच्या उन्हात राहायचे आहे. चक्कर आली, लघवी गडद झाली तर हट्ट करायचा नाही. दीनची बाजू आलिमसाहेबांना विचारा, ती आमची जागा नव्हे. वडिलांनी विचारले. त्यांनीही सांगितले की तब्येत धोक्यात आली तर रोजा सोडता येतो, कजा ठेवावी.

मग मुलीला शाळेच्या व्हरांड्यात बसवून आम्ही 2007 ची गोष्ट सांगितली, बाटलीसकट. शिक्षकाने विद्यार्थिनीला सांगावी अशी ती गोष्ट आहे का, असे दोन रात्री मनात घोळत होते. तिने ऐकून घेतले. तिला पहिला प्रश्न पडला तो असा: “सर, वो लड़का कौन था?” आम्हाला त्याचे नाव कधीच कळले नाही. मग ती म्हणाली, “मेरे को प्यास लगी तो मैं पी लूँगी. और सबको बोलूँगी.” इतके सोपे.

त्या सकाळी ती पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, ट्रॅक पँट आणि काळा स्कार्फ बांधून आली. सहरीला दुधात साखर घालून कुस्करलेली ज्वारीची भाकरी आणि एक केळ. आजीने हट्टाने एक उकडलेले अंडे खायला लावले होते. ती सातवी आली. शेवटी शंभरेक मीटर तिने दोन कॉलेजच्या मुलींना मागे टाकले. त्या वेळी तिचे तोंड आम्ही पाहिले. तिच्या पोटात काहीही हलत नव्हते. आयोजकांनी सगळ्यांना लिंबू सरबत आणि केळी वाटली. एका ताईंनी तिच्यापुढे ग्लास धरला, “पी गं, दमलीस.” ती म्हणाली, “संध्याकाळी, ताई,” आणि केळ पिशवीत टाकले. नळावर जाऊन डोक्यावर पाणी ओतून घेतले, कुळ्ळा भरला आणि थुंकला.

तो कुळ्ळा पाहून आम्हाला 2004 चा आणखी एक प्रयोग आठवला. सायकलपटूंना पिठूळ साखरेचे बेचव पाणी तोंडात खेळवून थुंकायला लावले. घोटभरही पोटात गेले नाही, तरी तासाभराच्या दौडीत ते जवळजवळ तीन टक्के लवकर पोचले. तोंडाला जे कळते ते मेंदूला आधी पोचते म्हणे. तिच्या तोंडात मात्र नळाचे पाणी होते.

शेजारच्या शाळेचे सर तिथे होतेच. थाप मारून म्हणाले, “कमाल आहे हो, उपाशी पळाली! काय खायला घालता?”

“ज्वारीची भाकरी, दूध, अंडं.”

“आणि मटण?”

“पुढच्या जुम्म्याला,” आम्ही म्हणालो.

दुपारी चारला तिच्या वडिलांना फोन केला. झोपली आहे, डोके दुखत होते, आता बरे आहे, म्हणाले. सात वाजता पुन्हा केला. खजूर, पाणी, ते सकाळचे केळ, आणि वर दोन ग्लास रुहअफजा. आजी शेजारणीला सांगत होती की अंड्यामुळे सातवी आली, दोन अंडी खाल्ली असती तर पाचवी आली असती. फोनवर ते स्पष्ट ऐकू येत होते.

अम्मीला मराठी वाचता येत नाही, उर्दू येते. हा अंक घरी येईल तेव्हा मोहल्ल्यातले कोणी तरी वाचेल आणि तिला सांगेल, म्हणून आम्हीच आधी वाचून दाखवायचे ठरवले आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर, जेवण झाल्यावर. मंडपामागच्या त्या परिच्छेदापर्यंत आलो की ती मध्येच थांबवेल आणि विचारेल, पाया तर पूर्ण प्यायला होतास ना त्या सहरीला? तो मात्र आम्ही पूर्ण प्यायलो होतो.